पार्ट स्वस्त, मजुरी महाग: जुन्या विलायती गाड्यांचे बॉनेटखालचे नखरे

जुनी मॉरिस मायनर, मिनी किंवा एम. जी. बी. घ्यायची हौस असलेला माणूस आधी विचारतो, “पार्ट मिळतात का हो?” ब्रिटनपुरतं उत्तर सोपं आहे. मिळतात, आणि बरेचसे आजच्या गाड्यांच्या पार्टपेक्षा स्वस्तही पडतात. पण खिसा पार्टमुळे रिकामा होत नाही. तो पार्ट ज्या सांदीत दडवलाय, तिथवर हात पोचवण्याच्या मजुरीने होतो. म्हणून “केवढ्याला?”च्या आधी “किती तास?” हे विचारायची सवय लावा.

हिशेबाच्या सोयीसाठी ब्रिटनमधल्या गॅरेजचा दर ताशी ६० पौंड धरू. त्यावर २० टक्के व्हॅट, म्हणजे ७२ पौंड. तुमच्या गॅरेजचा दर वेगळा असेल तर तो घालून आकडे बदला. भारतात मजुरीवर १८ टक्के जीएसटी धरा.

जवळपास फुकट: कार्ब्युरेटरचं तेल

ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आधी गुदमरते आणि मग पळते. गॅरेजवाला म्हणतो, कार्ब्युरेटर गेला. थांबा. एस. यू. बनावटीच्या कार्ब्युरेटरच्या डोक्यावर एक छोटं झाकण असतं. इंजिन बंद आणि थंड असताना ते फिरवून काढा, त्याच्यासोबत एक बारीक दांडी वर येईल. ती परत आत ढकलताना, झाकण बसायला थोडं अंतर उरलेलं असतानाच, काकवीत चमचा बुडवल्यासारखा अडथळा जाणवायला हवा. नाही जाणवला तर आतलं तेल संपलंय. त्यामुळे पिस्टन झटक्यात वर उडतो, हवा जास्त आणि पेट्रोल कमी जातं. २० नंबरचं थोडं तेल घाला. मग दांडी बाहेर ठेवूनच एअर फिल्टर काढा, पिस्टन बोटाने उचला आणि सोडा. ‘टक’ असा आवाज करत तो खाली पडला तर ठीक, अडकला तर सफाई हवी.

ज्यांनी पेट्रोलची ॲम्बॅसेडर सांभाळली, त्यांना हे नवीन नाही. तिचं १४८९ सी.सी.चं इंजिन आणि एम. जी. बी.चं १७९८ सी.सी.चं इंजिन एकाच घराण्यातलं. गावाकडचा जुना ॲम्बॅसेडर मिस्त्री इथे कामाचा माणूस आहे.

किरकोळ: मिनीचा हातमोजा

१९५९ च्या मिनीत ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवलं. डिस्ट्रिब्युटर त्यामुळे थेट पुढच्या जाळीमागे आला. जोराच्या पावसात पाणी आत उडतं आणि गाडी रस्त्यातच बसते. जुन्या मालकांचा तोडगा असा: स्वयंपाकघरातला रबरी हातमोजा घ्यायचा, बोटांची टोकं कापायची, प्रत्येक बोटातून एकेक वायर ओवायची आणि मनगटाचा भाग डिस्ट्रिब्युटरवर चढवायचा. तयार प्लॅस्टिकचं आवरणही मिळतं. या लक्षणावर नवी वायरिंग करून घेऊ नका.

एक-दोन तास: उलटी बॅटरी

अनेक जुन्या विलायती गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. एम. जी. बी.त ही पद्धत १९६७ पर्यंत होती. नवा रेडिओ किंवा चार्जर नेहमीच्या सवयीने जोडला तर शॉर्ट झालाच. जोडण्या उलट्या करून डायनामोला नवी दिशा देणं दोन तासांत होतं, म्हणजे १४४ पौंड. आणि एम. जी. बी.चं बॉनेट उघडून बॅटरी शोधत बसू नका. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे, झाकणाखाली असतात.

बोल्ट स्वस्त, चूक महाग

एम. जी. टी. सी. आणि टी. डी. या गाड्यांच्या १२५० सी.सी. इंजिनात बोल्टचे आटे मेट्रिक, पण डोकी मात्र ब्रिटिश व्हिटवर्थ मापाची. १९२३ मध्ये मॉरिसने कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला, तेव्हा यंत्रंही फ्रेंच मिळाली. आटे त्यांनी पाडले, पण ब्रिटिश मिस्त्र्याचे पाने लागावेत म्हणून डोकी ब्रिटिश ठेवली. त्यातही ८ मिलिमीटरच्या बोल्टचे आटे नेहमीपेक्षा बारीक. हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट जोर लावून बसवला की आटे गेलेच. व्हिटवर्थ पान्यांचा संच आधी घ्या.

करूच नका: मॉरिस मायनरची तेलगळती

हिच्या क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी सील नाही. तिथे उलट्या आट्यांसारखी खाच आहे. शाफ्ट फिरताना ती तेल परत आत ढकलते, थांबला की ढकलणारं कोणी उरत नाही. रात्रभरात चार थेंब पडले तर खाली पुठ्ठा ठेवा. त्यासाठी इंजिन उतरवणं म्हणजे मजुरी पाण्यात घालणं. गळती धार लागण्याइतकी असेल, तरच पुढचा विचार करा.

दिवस-दोन दिवसांचं काम: क्लच आणि गिअरबॉक्स

एम. जी. बी.चा क्लच बदलायचा तर इंजिन वर काढावं लागतं. दहा तास धरले तर ७२० पौंड. म्हणून इंजिन बाहेर असतानाच क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मागचं ऑइल सील एकदम बदलून घ्या. याउलट ट्रायम्फ हेरल्डचा गिअरबॉक्स गाडीच्या आतून, मधलं आवरण काढून निघतो. मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेरल्डचीही तीच सोय.

मिनीत गिअरबॉक्स इंजिनच्या खालीच, त्याच तेलात असतो. गिअर कुरकुरायला लागले की दोन्ही एकत्र उतरवायचे आणि मग वेगळे करायचे. सोळा तास धरले तर ११५२ पौंड. दर ३००० मैलांना, म्हणजे सुमारे ५००० किलोमीटरला, तेल बदलणं त्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

तास सांगता येत नाहीत: ट्रायम्फ स्टॅग

१९७० ते १९७७ या काळात बनलेल्या स्टॅगच्या व्ही-८ इंजिनात पाण्याचा पंप उंचावर आहे. पाणी थोडं कमी झालं की पंप कोरडा पडतो आणि ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकतं. हेड धरणारे स्टड एका कोनात, बोल्ट दुसऱ्या कोनात. स्टड गंजून हेडला चिकटले की हेड कुठल्याच दिशेला सरळ निघत नाही. आधी हेड उतरवल्याची बिलं नसतील, तर किमतीत मोठी सूट मागा किंवा गाडी सोडून द्या.

कागद आणि पेट्रोल

ब्रिटनमध्ये ४० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला ऐतिहासिक वर्गात नोंदवून रोड टॅक्स माफ होतो. मोठे बदल केलेले नसतील तर एम. ओ. टी. ही गाडीच्या तंदुरुस्तीची चाचणीही सक्तीची राहत नाही. तरी चाचणी करून घ्या, कमाल फी ५४.८५ पौंड आहे. भारतात ५० वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाडीची ‘व्हीए’ मालिकेतली नवी नोंदणी २०,००० रुपयांत होते. मात्र ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही.

पेट्रोलमधलं इथेनॉल जुने रबरी पाइप खातं, आणि गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकलं तर आग लागू शकते. पाइप स्वस्त, काम तासाभराचं. गाडी घरी आल्यावर पहिला खर्च हाच करा.

सौदा करण्यापूर्वी

• गाडी थंड असताना बघायला जा. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर कारण विचारा.
• बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे ते पाहा.
• इंजिन कधी उतरवलं, तेव्हा काय काय बदललं, याची बिलं मागा.
• गॅरेजकडून पार्ट आणि तास यांचा हिशेब वेगवेगळा लिहून घ्या.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की कुठल्या नखऱ्यावर पैसे घालायचे आणि कुठल्याखाली नुसता पुठ्ठा ठेवायचा, ते तुमचं तुम्हालाच कळेल.