ब्लॉक आयता आणलास, पण मोजलास का?

सोनू, सोसायटीच्या क्लबहाउसचं काम तुझ्याकडे आलं, ट्रेडमिलपासून टेबल टेनिसपर्यंत सगळे कॅड ब्लॉक डाउनलोडही झाले. आता मांडले की प्लॅन झाला, असंच वाटतंय ना? थांब जरा.

आयता ब्लॉक आधी मोजून घ्यायचा. टेबल टेनिसचं टेबल २.७४ मीटर लांब, १.५२५ मीटर रुंद असतं. ब्लॉक इंचात काढलेला असेल आणि तुझं ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, तर तेच टेबल जेमतेम ११ सेंटिमीटरचं होऊन कोपऱ्यात पडतं. मग अंदाजाने ओढत बसू नकोस, सरळ २५.४ने स्केल कर. पुढे शाळेचं काम आलं तर कबड्डीचं मैदान कोणासाठी तेही विचारून घे. पुरुषांचं १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८.

आणि खरी मेख पुढेच आहे बघ. ब्लॉकमध्ये वस्तू असते, खेळणारा माणूस नसतो. टेबल टेनिसच्या आंतरराष्ट्रीय सामन्याला १४ बाय ७ मीटर जागा आणि ५ मीटर उंची लागते, म्हणजे टेबलामागे दोन्हीकडे साडेपाच मीटरहून जास्त. सोसायटीत एवढं कुठून मिळणार, कबूल. पण खेळाडू किती मागे सरतो ते तरी कळतं! ट्रेडमिलवर पाय घसरला की माणूस मागे फेकला जातो, तिथे भिंत नको. निदान दोन मीटर मोकळे सोड.

माझी पद्धत सांगते. ही मोकळी जागा मी ब्लॉकमध्येच तुटक रेघेने काढून ठेवते. मशीन शून्य लेयरवर, रेघ वेगळ्या लेयरवर. प्रिंटला नको असली की तेवढा लेयर फ्रीझ करायचा. एक सेक्शनही काढच, कारण पंखा आणि बीम प्लॅनमध्ये डोळ्यांत भरत नाहीत.

‘अजून एक मशीन बसेल की!’ असं बिल्डर म्हणणारच. तेव्हा नुसतं ‘बसत नाही’ म्हणून गप्प राहू नकोस गं. तुटक रेघा एकमेकींवर चढलेली प्रिंट त्यांच्यासमोर ठेव आणि यातलं कुठलं मशीन काढू, ते त्यांनाच विचार.