गळाची दोरी

वैनगंगेच्या काठी वाढलेल्या मुलास गळ टाकावयास कोणी शिकवावे लागत नाही. बांबूची एक काठी, थोडा तंगूस, एक गळ (आपल्याकडे त्यास गरी म्हणतात), शिशाची बारीक गोळी आणि ओल्या मातीतून उकरून काढलेली चार गांडुळे एवढ्या सामग्रीवर सुटीचा दिवस सुखाने जातो. पाण्यावर तरंगत राहून मासा लागल्याची खूण देणारा भेंडाचा किंवा मोरपिसाच्या देठाचा जो तुकडा, त्यास आपण ह्या लेखापुरते तरंगा म्हणू. आमचे विद्यार्थी आमिष कोणते लावावे, गरी केवढी असावी, ह्याविषयी तासन् तास वाद घालतात. परंतु दोरी कशी असावी हे कोणी विचारीत नाही. दुकानदार देईल ती दोरी, आणि जितकी जाड तितकी चांगली, असा सर्वसाधारण समज आहे. आमचाही तोच होता.

तो कसा गेला ते सांगतो. डिसेंबरातील एका सकाळी आम्ही पवनीनजीक नदीवर बसलो होतो. पावसाळ्यातील गढूळपणा जाऊन पाणी निवळले होते व तळाची वाळू स्पष्ट दिसत होती. आमच्या काठीस चाळीस शतांश मिलिमीटर जाडीचा तंगूस होता. वरपासून खालपर्यंत एकच, आणि त्यालाच गरी बांधलेली. दोन तास काहीच लागले नाही. नंतर तरंगा एकाएकी बुडाला, आम्ही काठी उचलली, एक जबर हिसका बसला आणि दोरी काठीच्या शेंड्याशी गाठीतच तुटली. मासा किती मोठा होता हे सांगण्याचा मोह आम्ही आवरतो, कारण तो आम्ही पाहिलाच नाही. पाहिला तो तरंगा. क्षणभराने तो पाण्यावर आला आणि प्रवाहाच्या उलट दिशेस चालू लागला. थांबे, बुडे, पुन्हा वर येई. तोंडात गरी आणि मागे काही हात दोरी, असा तो मासा पुष्कळ वेळ आमच्या डोळ्यांसमोर फिरत होता, आणि आमच्या हाती काही उपाय नव्हता.

जवळच एक वृद्ध ढिवर गृहस्थ जाळे वाळवीत होते. ते म्हणाले, "गुरुजी, वरचा दोरा अन् गरीचा दोरा एकच हाये ना तुमचा? थेच चुकलं. खालचा बारीक पायजे. तुटला तं गरीपाशीच तुटंल, मासा तं मोकळा होईल."

ह्या दोन वाक्यांत सगळा विषय आला. दोरी कधीतरी तुटणारच. ती कोठे तुटावी हे मात्र आधी ठरविता येते. मूळ दोरीच्या शेवटी हातभर लांबीचा तिच्याहून बारीक धागा जोडावा व गरी त्यास बांधावी. मासा अनावर झाला किंवा गरी बुडालेल्या झाडाच्या मुळीत अडकली, तर तो बारीक धागा तुटतो. तरंगा व मूळ दोरी आपल्या हाती राहते, आणि मासा लांब दोरी ओढीत फिरत नाही. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनचा मासेमारीवरील प्रसिद्ध ग्रंथ 1653 साली निघाला, त्या काळी तेथे घोड्याच्या शेपटीचे केस वळून दोरी करीत. काठीकडे अनेक केस एकत्र वळलेले असत आणि गळाकडे येता येता त्यांची संख्या एकदोनावर येई.

आपल्याकडे पूर्वी दोऱ्या सुताच्या व सणाच्या होत्या. त्या पाणी पीत व कुजत, म्हणून रोज वाळवाव्या लागत. रेशमाची दोरी ह्यांहून बारीक व बळकट; अनेक देशांत तीच उत्तम मानीत. आंधळगाव व मोहाडी येथे कोशाचे लुगडे विणले जाते त्या आपल्या जिल्ह्यात हे निराळे समजावून सांगावयास नको. पुढे 1935 साली अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली नायलॉन तयार झाले आणि थोड्याच वर्षांत त्याचा एकेरी, पारदर्शक धागा जगभर गेला. तोच आपला तंगूस.

आता जाडीचा हिशेब पाहू. वरच्या वर्गातील मुलांनी तो वहीत करून पाहावा. धाग्याचे बळ त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. 0.20 मिलिमीटर जाडीच्या धाग्याचा छेद सुमारे 0.031 चौरस मिलिमीटर, तर 0.40 मिलिमीटरचा सुमारे 0.126. म्हणजे जाडी दुप्पट, बळ चौपट. साधारण चांगला 0.20 चा तंगूस तीन किलोच्या आसपास भार घेतो. मग 0.40 चा बारा किलोच्या आसपास का घेऊ नये? घेतो, परंतु नवा असताना, गाठ चांगली असताना. आमचा तीन उन्हाळे खिडकीत लटकलेला होता. उन्हाने नायलॉनचे बळ कमी होते, हे आम्ही वर्गात शिकविले होते आणि घरी विसरलो होतो.

जाड दोरीचा खरा तोटा मात्र निराळाच आहे. वाहत्या नदीत काठीच्या शेंड्यापासून तरंग्यापर्यंतची काही दोरी पाण्यावर पडते. प्रवाह तिला ढकलतो आणि तिला पोट सुटते. ते पोट तरंग्यास ओढू लागले की खालचे आमिष पाण्याच्या चालीने न जाता फरफटत जाते, व मासा ते टाळतो. दोरी जितकी जाड तितके पोट मोठे. शिवाय नायलॉन पाण्याहून थोडे जड असल्यामुळे हळूहळू बुडते, आणि बुडालेली दोरी पाण्यातून उचलावयास वेळ लागतो. तेवढ्यात मासा आमिष टाकून देतो. ह्यासाठी वरच्या दोरीस मेणाचा किंवा चरबीचा अगदी पुसट हात द्यावा, म्हणजे ती तरंगते. खालच्या धाग्यास मात्र लावू नये. तो बुडालाच पाहिजे. हल्ली फ्लुओरोकार्बनचा धागा मिळतो. तो नायलॉनहून जड असून पाण्यात कमी दिसतो, म्हणून गरीकडे ठीक, वर निरुपयोगी. विणलेला धागा बारीक, बळकट व तरंगणारा असला तरी ताणला जात नाही आणि बोटे कापतो. लहान मुलांच्या हाती तो देऊ नये.

आपल्या नदीत आता दोन प्रकारचे पाणी आहे. 1988 साली गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. धरण उभे राहिल्यापासून त्याच्या वरच्या अंगास फुगवट्यामुळे नदी संथ व खोल झाली आहे, आणि खाली पवनीकडे ती दरवाजांतून सुटणाऱ्या पाण्याप्रमाणे वाहते. संथ पाण्यात दोरीस पोट फारसे सुटत नाही, पण माशास आमिष न्याहाळावयास वेळ मिळतो, म्हणून खालचा धागा बारीक हवा. वाहत्या पाण्यात मासा चटकन निर्णय घेतो, पण पळताना प्रवाहाचे बळही त्यास मिळते, म्हणून थोडा जाड चालेल. (दरवाजे उघडले म्हणजे पाणी पाहता पाहता चढते, पालकांनी मुलांस धरणाखाली एकटे बसू देऊ नये.) लहान माशांसाठी वर 0.18 व खाली 0.14 पुरे. किलो-दोन किलोच्या रोहूसाठी वर 0.28 व खाली 0.22 घ्यावा. रोहूचे तोंड खालच्या बाजूस असते व मृगळ तळाशीच चरतो, म्हणून आमिष तळाजवळ असावे. कतल्याचे तोंड वर वळलेले, तो वरच्या थरात चरतो. मरळीस दात असतात व ती झुडपांत शिरते. तिच्यापुढे बारीक धाग्याची मिजास चालत नाही.

आमच्या काठीस चक्री नसते, म्हणून मासा धावला तर सोडावयास दोरी नाही. हिसका सोसावयाचा तो बांबूच्या लवचिक शेंड्याने आणि नायलॉनच्या ताणाने. शेंडा ताठ असेल तर कोणताही तंगूस अपुरा पडेल.

गाठ ही दोरीची सर्वांत दुबळी जागा होय. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने धागा तापतो व तेथेच खचतो, म्हणून ती थुंकीने किंवा पाण्याने ओली करून हळू आवळावी. खात्री करावयाची असेल तर तंगूसाच्या तुकड्यास रिकामी बादली टांगावी आणि लिटराच्या मापाने पाणी ओतीत जावे. एक लिटर म्हणजे एक किलो, बादलीचे वजन निराळे धरावे. प्रथम ओल्या गाठीचा तुकडा, मग कोरड्या गाठीचा, मग गेल्या वर्षीचा जुना. आमच्या वर्गात हा प्रयोग झाला तेव्हा जुन्या तुकड्याने बादली अर्धीही भरू दिली नाही, आणि पहिल्या बाकावरील मुलांचे पाय भिजले.

तलावावर गळ टाकण्यापूर्वी विचारावे. आपल्या भागातील पुष्कळ तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात व त्यांवर कुटुंबे जगतात. पावसाच्या पहिल्या पुरांत रोहू-कतल्यांची वीण होते, तेव्हा गळ घरीच बरा.

राहिली ती टाकून दिलेली दोरी. सुताची दोरी काठावर पडली तर कुजून मातीत जाई. तंगूस वर्षानुवर्षे तसाच राहतो, दिसत नाही, आणि चरणाऱ्या पक्ष्यांच्या पायांस गुंडाळतो. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत व तलावांवर जे सारस उरले आहेत ते बोटांवर मोजण्याजोगे आहेत. तेव्हा तुटलेला प्रत्येक तुकडा खिशात घालून घरी आणावा व कात्रीने बोटाएवढे तुकडे करून मगच केरात टाकावा. आमच्या त्या तरंग्याचा शोध आम्ही दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांनी घेतला. तो सापडला नाही.