लग्न त्यांचं, व्हिसा आपला

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजच्या ग्रुपमधली तीन लग्नं परदेशात झाली. जूनमध्ये लिस्बनजवळ सिंत्राला, जुलैच्या सुरुवातीला लंडनला आणि महिनाअखेरीस इटलीत, सिएनाच्या बाजूला. लंडनचं माझं हुकलं. त्याचं खापर ग्रुपवर अजून माझ्याच ‘ढिसाळ प्लॅनिंग’वर फोडलं जातं, म्हणून काय झालं ते लिहूनच टाकते.

पोर्तुगाल आणि इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज ज्या देशात जास्त रात्री मुक्काम, त्या देशाकडे करायचा असतो. रात्री सारख्याच असतील, तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. इटलीवालीनं ‘आठवडाभर व्हिला घेतलाय, सगळ्यांनी एकत्र राहायचं’ असं बजावून सांगितलं होतं. त्या भरवशावर मी इटलीची अपॉइंटमेंट घेतली. एप्रिल-मेमध्ये मुंबईत स्लॉट मिळवणं म्हणजे काय, ते ज्यांनी मध्यरात्री फोन हातात घेऊन पान रिफ्रेश केलंय त्यांनाच कळेल. अपॉइंटमेंट चार दिवसांवर आली असताना तिचा मेसेज पडला: ‘व्हिला आता दोनच रात्री, बजेट बसत नाहीये’, आणि पुढे तीन बदाम. म्हणजे आता जास्त रात्री पोर्तुगालमध्ये. अख्खी फाइल वाया.

मी तिला म्युनिकला फोन लावला. ती म्हणाली, ‘अगं, एवढं काय त्यात? व्हिसा म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी असते.’

खरी कळ मला तिथे लागली. तिच्या पर्समध्ये जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड आहे. ती सकाळी गाडी काढून ऑस्ट्रिया ओलांडून संध्याकाळी इटलीत पोचते. पण हीच मुलगी शिकायला निघाली होती, तेव्हा व्हिसाच्या रांगेत तिच्या बँक स्टेटमेंटची पानं मी लावून दिली होती. एक कागद कमी पडला म्हणून ती रडली होती, तेव्हा झेरॉक्सच्या दुकानापर्यंत धावत मी गेले होते. ते सगळं ती विसरली, याचा राग अजून जात नाही.

पोर्तुगालचा स्लॉट उशिरा मिळाला. पासपोर्ट तिकडे अडकलेला, आणि लंडनला शेंगेन चालत नाही; तिथला व्हिसा वेगळा, त्यालाही तेव्हा पासपोर्ट द्यावा लागायचा. दिवसच उरले नाहीत. लंडनवालीनं समजून घेतलं, हा तिचा मोठेपणा.

तुम्हाला असं आमंत्रण आलं, तर तारखा, पत्ता आणि मुक्कामाच्या रात्री यजमानाकडून सहीच्या पत्रावर घ्या, आणि मगच अपॉइंटमेंट घ्या. व्हॉट्सअॅपवरच्या ‘नक्की नक्की’ला काही अर्थ नसतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो, पण उन्हाळ्यात तेवढ्यावर विसंबू नका. मध्ये लंडन असेल तर मल्टिपल एंट्रीच मागा. सिंगल एंट्री असली, तर लंडनला गेल्यावर पुन्हा शेंगेनमध्ये शिरता येत नाही. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा. जून 2024 पासून मोठ्यांची फी 90 युरो आहे, वर केंद्राचा आकार. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. कागदांच्या प्रती काढून ठेवा, औषधं सोबत ठेवा, हे तर नेहमीचंच.

आणि बॅग. निघायच्या आदल्या रात्री इटलीवालीच्या आई पिशवी घेऊन आल्या: अंतरपाट, मुंडावळ्या, हळकुंडं, नारळ, विड्याची पानं, दोन किलो पेढे. अंतरपाट, मुंडावळ्या मी आनंदानं घेतल्या. नारळही घेतला, कारण युरोपात ज्या मोजक्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागत नाही, त्यात नारळ आहे. पण बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि पानांना ते प्रमाणपत्र लागतं. मी काकूंना हे नीट समजावलं, पेढे आणि पानं परत दिली. काकू तोंडावर ‘बरं’ म्हणाल्या. मी सिएनाला पोचायच्या आत दोन्हीकडच्या नातेवाइकांत बातमी पोचली होती की हिनं साधे पेढेसुद्धा आणले नाहीत. दुसऱ्याचं सामान घेणार असाल तर यादी आधी मागा, पिशवी आपल्या हातानं भरा, आणि नाही म्हणायचं ते स्पष्ट म्हणा. लोक रुसतात, पण कस्टम्ससमोर आपण एकटेच उभे असतो.

लग्न सुंदर झालं, मंगलाष्टकांना मीच सूर धरला. लंडनचं रद्द तिकीट, इटलीच्या अपॉइंटमेंटसाठी भरलेले पैसे, बिनपगारी रजा, यातलं काहीही मी कुणाकडे मागितलेलं नाही. पण ‘तुझं किती नुकसान झालं गं?’ एवढं तिनं एकदा तरी विचारायला हवं होतं. अजून विचारलेलं नाही.