आधी ओळख, मग चिमटा

भाच्या, खाऱ्या पाण्याची टाकी घेतलीस, मीठ कालवलंस, दगड रचलास, आणि आता फोटो पाठवून विचारतोस, "मामा, दगडातून काहीतरी बाहेर आलंय, कोणतं औषध टाकू?" जालन्याच्या माणसाचा हाच पहिला प्रश्न असणार. कपाशीच्या पानावर काही हललं की आपला हात फवारणीच्या पंपाकडे जातो. पण लेडीबर्ड आणि क्रायसोपा मेल्यावर मावा कसा फोफावतो, ते तुझ्या आजोबांना विचार. खाऱ्या टाकीतही मित्रकीटक असतात, आणि शत्रूंपेक्षा ते जास्त असतात. म्हणून नाव कळेपर्यंत पाण्यात काहीही टाकायचं नाही.

पाहायचं रात्री. दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्चला लाल जिलेटीन कागद गुंडाळ आणि काचेपाशी बस. लाल उजेडाला यातले बहुतेक जीव बिचकत नाहीत. दिवसा रिकामा वाटणारा दगड तेव्हा गजबजलेला दिसेल. काचेवर पळणारे पांढरे ठिपके कोपेपॉड असतात, ते माशांचं खाणं. नखाएवढा पांढरट तारामासा, ज्याचे हात एकसारखे नसतात, तो बहुधा ॲस्टेरिना असतो आणि काचेवरची साय चाटतो. तो मिटलेल्या झोआ कोरलवर पुन्हा पुन्हा सापडला तरच उचलायचा.

नवखे सर्वात जास्त घाबरतात ते ब्रिसल वर्मला. गुलाबी-तपकिरी, लांब, दोन्ही कडांना पांढऱ्या केसांचे झुबके. दिसतो भयंकर, पण काम झाडूवाल्याचं करतो: उरलेलं खाणं, मेलेली गोगलगाय, सगळं तोच संपवतो. त्यांची संख्या वाढली असेल तर तू खाणं जास्त टाकतोयस, एवढाच त्याचा अर्थ. चमचा आखडता घे, महिन्याभरात कमी होतील. एखादा फार मोठा असेल तर लांब चिमट्याने काढ, बोटांनी नाही. त्याचे केस कातडीत घुसून मोडतात आणि दिवसभर आग होते. घुसलेच तर चोळू नकोस. चिकटपट्टी लावून ओढून काढ.

खरा शत्रू देखणा असतो. तू पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत दगडाच्या फटीत तपकिरी, अर्धपारदर्शक फूल आहे, पातळ टोकदार हातांचं. आईला ते आवडलं म्हणतोस. ते ऐप्टेसिया आहे. त्यावर हाताची सावली पाड. झटक्यात बिळात गेलं तर खात्री पटेल. शेजारच्या पॉलिपला ते डंख मारतं, आणि उपटायला गेलास तर तळव्याचा जो तुकडा दगडावर राहतो त्यातून नवीन उगवतं. म्हणून ऐप्टेसिया खरवडायचं नाही, चिरडायचं नाही, ब्रशने घासायचं तर नाहीच.

उपाय घरातच आहे. पंप बंद कर. सिरिंजमध्ये कागदी लिंबाचा गाळलेला रस भर, सुई हळूहळू बाजूने ने आणि मधल्या तोंडात सोड. ते आत ओढलं जाण्याआधी रस पोटात गेला पाहिजे, त्यामुळे घाईत हात हलला की डाव हुकलाच. मोसंबी आपल्या जिल्ह्याची शान असली तरी इथे कामाची नाही, तिला तेवढा आंबटपणा नाही. लिंबाऐवजी कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा दाट लगदा करून तोंडावर थापला तरी चालतं. पानाचा चुना मुळात तोच पदार्थ, पण डबीत आणखी काय मिसळलंय ते कळत नाही, म्हणून शुद्ध पूड आण. एका दिवशी तीन-चारच मार. लिंबू असो वा चुना, जास्त झाला की पाण्याचा पीएच हलतो. पंप पाऊण तासाने सुरू कर.

ऐप्टेसिया फार पसरलं असेल तर पेपरमिंट कोळंबी ठेव. दुकानात एवढंच बघ: अंगावर बारीक लाल उभ्या रेघा, अंग जवळजवळ पारदर्शक. पाठीला कुबड आणि ठळक लाल-पांढरी नक्षी असेल तर ती कॅमल कोळंबी, आणि ती झोआच खाते. मुंबईत कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या गर्दीत दोन्ही एकाच नावाने गळ्यात मारली जातात. कॉपरबँड मासाही ऐप्टेसिया खातो, पण तो उपाशी राहून मरण्यात पटाईत, आणि त्याला मोठी टाकी लागते. तुझं ते काम नाही.

गंजाच्या रंगाचे, शेपटीला तीन टोकं असलेले चपटे किडे काचेवर आणि दगडावर चादर घालू लागले तर थेट औषध टाकू नकोस. मरताना ते विष सोडतात आणि हजारो एकदम मेले की मासेही जातात. आधी पाणी बदलताना बारीक नळीने जमतील तेवढे ओढून काढ. चार-पाच वेळा असं केल्यावर उरलेल्यांसाठी औषध, आणि तेव्हा ताजं खारं पाणी आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन हाताशी तयार हवा.

झोआ मिटून बसत असतील तर त्यांच्या बुंध्याशी भिंग लाव. झोआ खाणारी बिनशंखाची गोगलगाय जे पॉलिप खाते त्याच्याच रंगाची होते, त्यामुळे ती तुझ्यासमोर असते आणि तुला दिसत नाही. तिची पांढरी वेटोळी अंडी मात्र दिसतात. झोआचा तो तुकडा वेगळ्या बादलीत, टाकीच्या पाण्यात कालवलेल्या डिपमध्ये (कीड मारायच्या औषधात), बाटलीवर लिहिलंय तितकीच मिनिटं ठेव, आणि मोठ्या सिरिंजने पाणी मारून सांदीकोपरे झाड. डिपने किडे मरतात, अंडी मरत नाहीत. ती जुन्या टूथब्रशने काढ आणि आठवड्याने पुन्हा डिप दे. बादलीतलं पाणी टाकीत परत ओतायचं नाही. येणारा प्रत्येक नवा तुकडा या बादलीतून जाऊन वेगळ्या छोट्या टाकीत महिनाभर राहिला, तर मी वर लिहिलेलं निम्मं तुला कधी लागणारच नाही.

दगडावर बारीक कडक नळी दिसते आणि तिच्यातून चिकट जाळं बाहेर येतं, ती व्हर्मेटिड गोगलगाय. नळी मोडून तोंडावर फेविक्विकचा एक थेंब टाक, काम झालं. केसाळ, नांग्यांची टोकं काळी असलेला खेकडा असेल तर काचेचा पेला दगडाला तिरपा टेकवून आत कोळंबीचा तुकडा ठेव. रात्री आत उतरतो, गुळगुळीत काचेवर चढता येत नाही.

शेवाळ आणि पाण्याबद्दल थोडकंच. आपल्या बोअरचं पाणी जड, त्यात नायट्रेटही असतं, त्यावरच शेवाळ पोसतं. आर.ओ.शिवाय थेंबही घालू नकोस. मे महिन्यात पारा 42 वर गेला की टाकीचं पाणी रोज भराभर उडतं. ते भरून काढताना साधं आर.ओ. पाणी घाल, मीठ नाही, कारण मीठ उडत नाही. पाणी फार तापलं की कोरल थकतं, आणि थकलेल्यावरच कीड बसते. शेतातून फवारणी करून आलास तर आंघोळ केल्याशिवाय टाकीत हात घालू नकोस. डासांचा स्प्रेही त्या खोलीत नको. माशाआधी कोळंब्या मरतात.

आणि मालवणला फिरायला गेलास की दगड, कोरल काही उचलू नकोस. तिथलं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे, आणि खडक बांधणारं प्रत्येक कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. दुकानदाराने कडक कोरल स्वस्तात दिलं तरी घेऊ नकोस. लेदर, मशरूम, झोआ या मऊ कोरलांवर तुझी पाच वर्षं मजेत जातील.

आता ज्यासाठी खरं हे पत्र लिहिलं ते. परवा फोनवर म्हणालास, "कीड फार झाली तर दगड उकळून काढतो." उकळू नकोस. झोआ आणि पॅलिथोआच्या अंगात पॅलिटॉक्सिन असतं, जगातल्या सर्वात जहाल विषांपैकी एक. उकळताना ते वाफेबरोबर हवेत येतं आणि अख्खं घर दवाखान्यात जातं, परदेशात असं झालेलं आहे. तो दगड गरम पाण्याने धुऊही नकोस, कोरडा घासू नकोस, झोआ कापताना हातमोजे आणि डोळ्याला चष्मा लाव. बोटाला चीर असेल तर त्या दिवशी टाकीत हातच नको. तरीही तोंडाला कडू लागलं, ताप आला, छाती भरली, तर वाट बघू नकोस. जालन्यातल्या डॉक्टरांनी असा रुग्ण पाहिलेला नसेल, म्हणून त्यांना "पॅलिटॉक्सिन" हा शब्द स्वतः सांग. त्यावर उतारा नाही, फक्त लक्षणांवर उपचार होतात, आणि ते लवकर सुरू व्हावे लागतात. हे टाकीच्या झाकणावर लिहून चिकटव, म्हणजे तू घरी नसताना आईलाही कळेल.