मनाच्या भाकिताची कसोटी



केसपुत्त नगरीतील कालामांनी तथागतांना विचारले होते, की जो तो येतो आणि आपलेच खरे म्हणतो. आम्ही विश्वास कोणावर ठेवावा? ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखा, असा उपदेश अंगुत्तर निकायात आहे. आपण तो पोथ्यांना लावतो, बुवांना लावतो. आपल्याच मनाला मात्र लावीत नाही. "मला जमणार नाही", "लोक हसतील" असे मन सांगते आणि आपण ते वेदवाक्य मानून बसतो!

मी घराण्यातला पहिला पदवीधर. कॉलेजात दीड वर्ष मी एकही प्रश्न विचारला नाही. तोंड उघडले की भाषा कळेल, भाषेवरून जात कळेल, वर्ग हसेल. फारच अडले तर चिठ्ठी लिहून मित्राकरवी विचारी. आता वाटते, ती चिठ्ठीच माझी शत्रू होती. कोणी हसले नाही याचे श्रेय मी चिठ्ठीला देत होतो. भीती खोटी ठरण्याची वेळच येत नव्हती.

एका रात्री वहीत लिहिले, "उद्या गणिताच्या तासाला विचारीन. सगळा वर्ग हसेल. सर 'खाली बस' म्हणतील." दुसऱ्या दिवशी विचारले. आवाज कापत होता. दोघे हसले, हे खरे. सरांनी उदाहरण फळ्यावर पुन्हा सोडविले, आणि तासानंतर दोन मुले माझ्याकडेच ते समजून घ्यायला आली. घरी येऊन भाकितापुढे घडले ते लिहिले.

अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आरन बेक (१९२१–२०२१) यांनी १९६० च्या दशकापासून घडविलेल्या उपचारपद्धतीत हेच एक साधन आहे, हे पुष्कळ नंतर वाचले. खिन्न मनुष्याशी वाद घालीत न बसता त्याचा विचार हा एक अंदाज मानायचा, तो आधी नेमका लिहायचा, लहानशी कृती करायची आणि ताडून पाहायचे. आधी लिहिणे महत्त्वाचे. नंतर मन हिशेबात लबाडी करते. दोघांचे हसू तीस जणांचे होते.

"यंदा देवीला कोंबडे दिले नाही, घरावर काहीतरी येईल," ही भीती धर्मांतरानंतरही कित्येक घरांत टिकून असते. काहीतरी म्हणजे काय, आणि केव्हापर्यंत? ते आधी ठरविले नाही तर वर्षभरात कोणाला ना कोणाला ताप येतोच. कोंबडे दिले त्या वर्षी ताप आला नव्हता काय, हेही आजीला विचारावे, पण प्रेमाने.

एक मात्र स्पष्ट सांगतो. आपली प्रत्येक भीती मनाचा खेळ नसते. जातीवरून आजही घर नाकारले जाते. कसोटीत भीती खरी ठरली तर तो आपला दोष नव्हे. तिथे उपाय वहीत नाही, कायद्यात आणि संघटनेत आहे. आणि जिथे मारहाणीचा धोका आहे तिथे एकट्याने असले प्रयोग करूच नयेत.

माझ्या वर्गातील एका मुलाची आई पालकसभेला येत नसे. "गुरुजी, मी अडाणी. मी बोलले तर समदे उठून जातील." मी म्हटले, "ताई, एकच वाक्य बोला. किती जण उठतात ते तुमचा मुलगा मोजील." गेल्या सभेला ती आली, दाराशी उभी राहिली आणि शाळेच्या बंद नळाबद्दल बोलली. मुलाच्या वहीत आकडा पडला, शून्य. नळ अजून दुरुस्त झालेला नाही. पुढच्या सभेला पुन्हा येते, असा तिचा निरोप आहे.