अडलं की त्याच आठवड्यात विचार

पोरी, आधी मनापासून अभिनंदन. तुझा बाबा, म्हणजे माझा दादा, फोनवर म्हणाला, "एमबीबीएस हुकलं, फिजिओथेरपी मिळाली." त्यातलं पहिलं अर्धं वाक्य घरात आता कुणी उच्चारायचं नाही, असं मी त्याला सांगितलं आहे. आपल्या देशात फिजिओथेरपीचं पहिलं शिक्षण १९५३ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये सुरू झालं. पोलिओच्या साथीनं लुळी पडलेली मुलं समोर होती आणि त्यांना उभं करणारे हात हवे होते. तू त्या परंपरेत चालली आहेस. पहिल्या वर्षाच्या मुलांना ॲनाटॉमी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. एमबीबीएसची, नर्सिंगची, फिजिओची, सगळ्या शाखांची मुलं हाताखालून गेली. त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगते. त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच आहे: अडचण लहान असताना तोंड उघडायचं. हे अभ्यासक्रम लांबचे असतात आणि विषय एकमेकांवर रचलेले असतात. ऑगस्टमध्ये न विचारलेली शंका मार्चमध्ये अख्खा विषय घेऊन बसते.

पहिला प्रश्न तुझ्याच मनात घोळत असणार, नीटची परीक्षा पुन्हा द्यायची का? द्यायची असेल तर खुशाल दे, पण ठरव आत्ता. कॉलेजात नाव घालायचं आणि चोरून क्लासही लावायचा, असं दोन्हीकडे पाय ठेवून वर्ष काढणारी मुलं मी दर बॅचला पाहिली. हजेरी बुडते, पहिली इंटर्नल जाते, आणि मे महिन्यात नीटचा पेपरही धड होत नाही. सीट सोडायची झाली तर केव्हापर्यंत सोडता येते, फी किती परत मिळते, मूळ कागदपत्रं कशी सोडवायची, हे सगळं सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं. ती पुस्तिका तू स्वतः वाच, दादाला वाचायला देऊन मोकळी होऊ नकोस. शेवटच्या फेरीच्या आत निर्णय घे आणि त्यानंतर मागे वळून बघू नकोस.

कागदपत्रांचं थोडक्यात. एक जाड फाइल कर: नीटचं गुणपत्रक, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर. मूळ प्रती कॉलेजात जमा होतील, म्हणून प्रत्येकाच्या पाच-सहा झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्वच्छ स्कॅन हवेत. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते हे ध्यानात ठेव. आणि तुम्ही ओबीसीत येता, म्हणून हे खास तुझ्यासाठी: २०२४-२५ पासून राज्य सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना ती लागू आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. अर्ज महाडीबीटीवर भरायचा. संकेतस्थळ शेवटच्या दिवसांत बसतं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात भर आणि अर्ज कॉलेजच्या पातळीवर अडकलेला नाही ना, हे विद्यार्थी विभागाच्या खिडकीवर जाऊन विचार. खिडकीवरच्या काकांशी नम्रपणे बोललीस तर तुझी पुढची कितीतरी कामं सुकर होतील.

आता मुद्द्याचं. कॉलेजात तुला एक मेंटॉर नेमून देतील, काही ठिकाणी त्यांना पालक-शिक्षक म्हणतात. बहुतेक मुलं त्यांचं तोंड पहिल्यांदा बघतात ते नापास झाल्यावर, तेही बोलावणं आल्यावर. तू दुसऱ्या आठवड्यातच जा. काही अडलेलं नसलं तरी जा. नाव सांग, कुठून आलीस ते सांग, बारावीपर्यंत कोणत्या माध्यमात शिकलीस ते सांग. शिक्षकासमोर साठ-सत्तर चेहरे असतात, त्यांतला एक चेहरा ओळखीचा झाला की त्याच्याकडे आपोआप लक्ष जातं. यात वशिला काही नाही, माणसाचा स्वभावच तसा आहे.

आणि विचारताना नेमकं विचार. "मॅडम, मला काहीच कळत नाही" असं म्हणत कुणी आलं की मला काय सांगावं ते सुचायचं नाही, मी "वाच, होईल" म्हणून पाठवायची. पण एखादी मुलगी वही उघडून म्हणायची, "मॅडम, ब्रेकियल प्लेक्ससच्या मुळांपासून ट्रंकपर्यंत मला काढता येतं, पुढे डिव्हिजन आणि कॉर्डला गोंधळ होतो." तिला मी तिथेच फळ्याजवळ उभी करून दहा मिनिटांत शिकवायची. कुठपर्यंत येतं आणि कुठून येत नाही, एवढं शोधून मगच शिक्षकाकडे जायचं. शोधताना निम्मं आपलं आपल्यालाच सुटतं. बरोबर आपण काढलेली आकृती न्यायची, चुकलेली असली तरी. चुकलेली आकृती शिक्षकाला जास्त उपयोगाची.

पहिल्या वर्षात सगळ्यांत घाम फोडते ती ॲनाटॉमी, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. चौरासियाचं पुस्तक तू घेशीलच, सगळेच घेतात. पण हाडांचं प्रकरण पुस्तक मांडीवर घेऊन कधीही पाठ करू नकोस. हाड हातात घे. समज, क्लॅव्हिकल आहे, गळ्याखालचं हाड. एक टोक चपटं, ते बाहेर, खांद्याकडे. दुसरं जाड, ते आत, छातीच्या मध्याकडे. आतल्या दोन-तृतीयांश भागाचा बाक पुढे यायला हवा. लांबट खोबण असलेली बाजू खाली. एवढ्या तीन गोष्टी जुळल्या की हाड उजवं की डावं ते कळलं. मग ते स्वतःच्या गळ्याखाली, त्याच जागेवर धर. आता आपल्या दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्वचेवरून चाचपत जा. आतल्या बाजूला वरून मानेचा मोठा स्नायू येऊन चिकटतो, बाहेरच्या बाजूला वरून ट्रॅपेझियस, पुढून आत पेक्टोरालिस मेजर, बाहेर डेल्टॉइड. खोबणीत सबक्लेव्हियस. हात पसरून पडलेल्या माणसाचं हे हाड बहुधा कुठे मोडतं? आतला दोन-तृतीयांश आणि बाहेरचा एक-तृतीयांश भाग जिथे मिळतात, तिथे. कारण बाक तिथे दिशा बदलतो. हे एकदा हातानं केलंस की व्हायव्हात परीक्षकांनी हाड हातात ठेवल्यावर बोटं आपोआप त्याला फिरवून घेतील. दहा मिनिटं वाचन, वीस मिनिटं हाड हातात, आणि मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आकृती. याच क्रमानं.

डिसेक्शन हॉलमध्ये पहिल्या दिवशी फॉर्मलिननं डोळे झोंबतील, नाक चुरचुरेल. सकाळी उपाशीपोटी जाऊ नकोस आणि चक्कर येतेय असं वाटलं तर तिथेच खाली बस, लाजायचं कारण नाही. टेबलावरच्या माणसानं, किंवा त्याच्या घरच्यांनी, तुमच्यासाठी देह दिलेला असतो. तिथे फोटो नाही, थट्टा नाही. माझ्या हॉलमध्ये फोन हातात दिसला तर मी त्या मुलाला सरळ बाहेर पाठवायची, आणि आजही पाठवीन.

इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. मराठी माध्यमातली मुलं मागं पडतात ती समजत नाही म्हणून नाही, बोलत नाहीत म्हणून. रोज रात्री रूममेटला पाच मिनिटं एक विषय इंग्रजीतून मोठ्यानं सांग. अडखळलीस तरी थांबू नकोस. महिन्याभरात जीभ वळते. लेखी उत्तराचंही तसंच. रविवारी एक दीर्घोत्तरी प्रश्न घड्याळ लावून, आकृतीसकट, हातानं लिहायचा आणि कुणाला तरी दाखवायचा. व्हिडिओ बघून समजल्यासारखं वाटतं, पण कागदावर काय उतरतं ते लिहिल्याशिवाय कळत नाही.

हजेरी हा विषय रुक्ष आहे, पण चांगली हुशार मुलं त्यात अडकलेली पाहिली आहेत. टक्केवारी कमी पडली की विद्यापीठाच्या परीक्षेचा फॉर्मच थांबतो. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात मग कुणाची ओळख असून चालत नाही. प्रत्येक विषयाची हजेरी तू तुझ्या वहीत मांड, थिअरीची वेगळी, प्रॅक्टिकलची वेगळी. ताप आला तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र त्याच आठवड्यात विभागात दे आणि पोच घे. दिवाळीला वहिनी "दोन दिवस आधी ये" म्हणेल. नाही म्हण.

आता एक गोष्ट, जी मुलं हमखास विसरतात. हिपॅटायटिस बीची लस. तीन डोस: पहिला आज, दुसरा महिन्यानं, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. लहानपणी घेतली असशील तर लसीकरण कार्ड शोधून ठेव. तिसरा डोस नेमका परीक्षेच्या धांदलीत येतो आणि राहतो, म्हणून आजच कॅलेंडरवर लिही. तिसऱ्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून संरक्षण तयार झालं का ते बघायचं, आकडा दहा किंवा जास्त हवा. पुढे वॉर्डात, आयसीयूत काम असेल, तिथे उघड्या सुया सापडतात. टोचलीच तर जखम दाबायची नाही, बोट तोंडात घालायचं नाही. साबण-पाण्यानं धुवायचं आणि सरळ कॅज्युअल्टीत जाऊन सांगायचं, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. एचआयव्ही टाळण्याची औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकं चांगलं. दोन तासांत झाली तर उत्तम, बहात्तर तासांनंतर उपयोग नाही. सर ओरडतील म्हणून मुलं लपवतात. सर ओरडू देत. छातीची फिजिओथेरपी देताना, खोकणाऱ्या पेशंटसमोर मास्क हवाच, टीबी कुणाच्या कपाळावर लिहिलेला नसतो.

होस्टेलवर कुणी त्रास दिला, कितीही "गंमत" म्हणून दिला, तर महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि १८००-१८०-५५२२ हा देशभरचा क्रमांक आहे. मन फार खचलं, झोप उडाली, जेवण जाईना, तर १४४१६ वर टेली-मानस आहे, मराठीतून बोलता येतं. हे दोन्ही क्रमांक आत्ताच फोनमध्ये घालून ठेव. गरज पडते त्या रात्री माणूस शोधत बसत नाही.

पेशंटकडे तू पुढच्या वर्षांत जाशील, पण कान आतापासून तयार ठेव. कुणी म्हणेल चमक भरली, कुणाला उसण भरते, कुणाच्या पायाला मुंग्या येतात, कुणाचं अंग बधिर पडतं. कुठे, किती वेळ, काय केल्यावर, हे आजीच्या भाषेत विचारायला शीक. वही-पेन घेऊन सुट्टीत आपल्या गावच्या आजीबाईंजवळ बस. गुडघा किती अंशांत वाकतो हे तुला गोनिओमीटर सांगेल, पण त्या बाईला मांडी घालून जेवता येतं का, परसाकडे उकिडवं बसता येतं का, एसटीची पहिली पायरी चढताना कुणाचा हात लागतो का, हे तिनंच सांगायचं असतं. उपचार तिथपर्यंत पोचला तरच तिच्या लेखी तो झाला. आणि हात लावण्याआधी सांगायचं, "आजी, आता गुडघा धरते हं, दुखलं तर लगेच बोला." ही सवय वर्गमैत्रिणीवर सराव करतानाच लावून घे.

पहिल्या इंटर्नलचे गुण लागले की त्याच संध्याकाळी मला फोन कर. चांगले असोत वा वाईट, दादाला सांगायच्या आधी मला सांगितलंस तरी चालेल. उत्तरपत्रिका मागून घे, कॅमेऱ्यानं तिचे फोटो काढायची परवानगी विचार, आणि मला पाठव. कुठे गुण गेले ते आपण दोघी एकेक पान बघू, आणि लगेच सोमवारी तू मेंटॉरकडे जा.