अँजिओग्राफी : मनगटातून की जांघेतून?

आपल्या मंडळींपैकी कोणाला अँजिओग्राफी सांगितली, की इन्शुरन्सची मंजुरी आली का, हीच पहिली चौकशी होते. नळी कुठून घालणार हे विचारायचे राहून जाते. आमच्या मते तेही विचारावे.

जांघेतली धमनी चांगली जाड, म्हणून बरीच वर्षे तीच रुळलेली वाट. मनगटातली, म्हणजे जिथे आपण नाडी पाहतो ती, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. मॉन्ट्रियलच्या डॉ. लुसियाँ कांपो यांनी १९८९ साली तिच्यातून अँजिओग्राफी केल्याचे प्रसिद्ध केले. १९९२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या डॉ. कीमेनाय यांनी अँजिओप्लास्टीही त्याच वाटेने केली.

खरा फरक रक्तस्रावाचा. रक्त पातळ करणारी औषधे तर दिलेलीच असतात. मनगटात धमनीखाली लगेच हाड, त्यामुळे पट्टा आवळला की रक्त थांबते. जांघेतले रक्त मात्र आतल्या आत पोटामागे साठू शकते, बाहेर थेंबही दिसत नाही. म्हणून तर पाय सरळ ठेवून काही तास पडून राहायला लावतात. हृदयविकाराचा झटका किंवा तसा त्रास झालेल्या ८,४०४ रुग्णांवर युरोपात ‘मॅट्रिक्स’ अभ्यास झाला (२०१५). महिन्याभरातले मृत्यू हजारी मनगटाच्या गटात सुमारे १६, जांघेच्या गटात २२. सहाचाच फरक, पण ती सहा घरे आहेत!

मक्केच्या किंग अब्दुल्ला मेडिकल सिटीत हजयात्रेकरूंवरही हे उपचार होतात. ज्याला पुढे चालायचे आहे त्याला मनगट किती सोयीचे, हे वेगळे सांगायला नको.

तरी डॉक्टर जांघ म्हणाले तर घाबरू नये. धमनी फार बारीक असेल, आखडली, मोठे उपकरण घालायचे असेल, तर जांघच बरी. किडनीचा आजार असल्यास आधी सांगा, डायलिसिससाठी हाताच्या रक्तवाहिन्या राखाव्या लागतात. बायपास झालेल्यांनी ऑपरेशनचे कागद दाखवावेत, कारण कधी हातातलीच धमनी काढून वापरलेली असते. पण ते कागद नेमके पुण्याच्या कपाटात! सुट्टीवरून येताना आठवणीने आणा. आणि डॉक्टरांचा हात कोणत्या वाटेला सरावलेला आहे, हेही मोकळेपणी विचारा.

घरी आल्यावर मनगटातून रक्त आले तर घट्ट दाबून धरा, थांबले नाही तर रेड क्रिसेंटला ९९७ वर फोन करा. जांघेतून केले असेल आणि कंबर दुखू लागली, घाम फुटला, चक्कर आली, तर सकाळची वाट पाहू नका.